पिंपातली ऊब

१

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी हे सुरू झालं. मिनिटासकट वेळ ठाऊक आहे, कारण त्या खोलीत कुणी साधी खिट्टी फिरवली तरी वहीत वेळ टाकायची असा नियम होता. पंपवाल्या काकांच्या मुंगीसारख्या अक्षरात ती ओळ अजूनही तिथं असेल. अकरा-वीस, पहिला हात, सर्व ठीक.

खोली तशी साधीच. पिवळट फरशी, लांब टेबल, त्यावर तीन पडदे, आणि मधोमध लोखंडी चौकटीत टांगलेलं पिंप. माणसाच्या छातीइतकं उंच, चकचकीत, आत एकात एक बसवलेले पाच डबे. त्यातली हवा काढून घ्यायची आणि चार दिवस ते थंड करत न्यायचं. सगळ्यांत आतल्या डब्यात नखाएवढी चकती, चकतीवर हजार बारीक ठिपके. त्यांना सगळे दाणे म्हणत. इतक्या गारठ्यात दाण्यांतून वीज विनाअडथळा पळते, आणि जराशी ऊब लागली की अडखळते. ते अडखळणं पडद्यावर दिसतं. ही चकती पुढं उपग्रहात बसून आभाळात जायची होती. ताऱ्यांच्या मधे जी गार धूळ पसरलेली आहे, तिच्यातली नावापुरती ऊब टिपायला.

चष्मिस इंजिनिअरनं ठकूच्या आईला हे एकदा समजावलं होतं. "ताई, ज्याला ऊब ओळखायची त्यानं स्वतः गार असायला हवं. तापलेल्या माणसाला दुसऱ्याचा ताप कळतो का?" तिला ते चटकन पटलं. लेकीचा ताप बघायचा तर तीही आधी हात गार पाण्यानं धुऊन घ्यायची.

ती तिथं कपडेवाली होती. पांढरे डगले धुऊन घड्या घालणं, हत्यारं स्पिरिटनं पुसणं, सुटे भाग पिशव्यांत बांधणं. शाळा सातवीपर्यंतच, पण हात असा स्वच्छ की तिथल्या प्रमुख मॅडम म्हणायच्या, हिच्या हातून जेवढी धूळ पडते त्याच्या दुप्पट माझे इंजिनिअर नुसते उभे राहून पाडतात.

त्या मंगळवारी तळमजल्यावरच्या पाळणाघरात औषध फवारलं होतं, म्हणून नऊ महिन्यांची ठकू आईच्या कडेवर बसून वर आली. आणि नेमकं त्याच दिवशी पिंप थंड होऊन तयार झालं होतं. आतलं झाकण लावण्याआधी पिंपाच्या छोट्या खिडकीसमोर कुणीतरी हात धरायचा. जिवंत हाताच्या उबेनं हजारही दाणे उडी मारतात, हात काढला की खाली बसतात. म्हणजे सगळे दाणे जागे आहेत. हात कुणाचाही चालला असता, पण रीत अशी पडली होती की पहिला हात तिथल्या सगळ्यांत नव्या माणसाचा.

"नवीन कोण आहे रे आज?" काकांनी विचारलं.

"कुणी नाही काका. मागचीच मंडळी."

"कुणी नाही कसं? ही काय भाड्यानं आणलीय?" काकांनी ठकूला उचललंसुद्धा.

आईला नको वाटलं. का नको, ते सांगता येईना. "काका, तिला काही होणार नाही ना?"

"अगं पोरी, खिडकी आहे ती. दात नाहीत तिला."

सगळे हसले. ठकूनंही बोळकं दाखवलं. काकांनी तिचा उजवा हात मनगटाला धरून काचेसमोर नेला, तिनं बोटं पसरली, पडद्यावर हजार रेषा एकदम वर गेल्या. "बाईसाहेबांनी पास केलं!" चष्मिस ओरडला. काकांनी हात मागं घेतला. रेषा खाली बसल्या.

सात सोडून.

२

काकांनी बाहेरची खिट्टी फिरवून आतलं झाकण लावलं. त्यानंतर अंधाराची चाचणी असते. आत काळामिट्ट अंधार, ऊब कसलीच नाही, आणि दाण्यांनी दोन-तीन आठवडे गप्प राहून दाखवायचं. नऊशे त्र्याण्णव गप्प राहिले. सात वर तरंगत राहिले, एकमेकांना चिकटून, एका घोळक्यात.

मॅडमना आश्चर्य वाटलं नाही. गार होताना कधी कधी चकतीत चुंबकाचा अंश अडकून बसतो म्हणे. त्यावर उपाय ठरलेला. पिंप थोडं ऊबवायचं, अडकलेलं निसटू द्यायचं, पुन्हा गार करायचं. बुधवारची दुपार त्यात गेली. संध्याकाळी पाहतात तर मधले सात दाणे शहाण्यासारखे गप्प, आणि कोपऱ्यातले दुसरे सात वर. कुणीतरी बसायची जागा बदलल्यासारखे.

त्या दुपारी ठकू पाळणाघरात दगडासारखी झोपली होती. चार तास. "किती गुणी हो तुमची," असं मावशींनी कौतुकानं सांगितलं.

घरी अंघोळ घालताना आईच्या लक्षात आलं की ठकूचा उजवा हात गार आहे. मनगटापर्यंतच. कोपर ऊबदार, दंड ऊबदार, पंजा मात्र रात्रभर उघड्यावर राहिलेल्या चमच्यासारखा. तिनं तो स्वतःच्या गळ्याशी धरला, बगलेत धरला. गार तो गारच.

डॉक्टरांनी हात दाबून पाहिला, नखं पाहिली. "लहान मुलांचे हातपाय गारच असतात. मोजे घाला."

"पण एकच हात, डॉक्टर?"

"मग एकच मोजा घाला," डॉक्टर म्हणाले आणि स्वतःच हसले.

ठकूची आईही हसली. हसण्यावारी गेलं तर बरंच होतं.

३

शुक्रवारी चष्मिस पडद्याला नाक लावून बसला होता. "काका, हे सात दाणे नुसते वर नाहीत. वरखाली होतायत. मिनिटाला चौतीस वेळा. तुमचा पंप हादरतोय का?"

"माझ्या पंपाच्या नावानं शंख करू नकोस," काका म्हणाले. "माझा पंप मिनिटाला चौऱ्याऐंशी ठोके देतो. वीस वर्षं ऐकतोय. चौतीस हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे."

ठकूची आई मागं डगल्यांच्या घड्या घालत होती. तिनं मुद्दाम काही ऐकलं नाही, कानावर पडलं इतकंच. पण घरी गेल्यावर ठकू दुपारची राहिलेली झोप घेत होती तेव्हा तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत लेकीच्या पोटाचं वरखाली होणं मोजलं. चौतीस. पुन्हा मोजलं. मधे ठकूनं कूस बदलली म्हणून तिसऱ्यांदा मोजलं.

तिनं स्वतःला दटावलं. चौतीस आकडा काय एकट्या ठकूच्या नावावर आहे? शेजारच्या बाळाचेही चौतीसच असतील. सगळ्याच बाळांचे असतील. तिला शेजारी जाऊन मोजावंसं वाटलं, पण काय म्हणून जाणार? जरा तुमच्या बाळाचे श्वास मोजू का? चप्पल पायात घालून ती दारापर्यंत गेली आणि परत आली.

४

सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती टेबल पुसत होती. एरवी हळू हेलकावणाऱ्या त्या सात रेषा एकाएकी थयथयाट करू लागल्या. तिनं फडकं तिथंच टाकलं आणि जिना उतरून पळत सुटली.

पाळणाघरात ठकू मावशींच्या खांद्यावर आक्रोश करत होती. कपाळावर टेंगूळ. "आत्ता पडली हो, कठड्यावर आपटली. मी तुम्हाला बोलवायलाच पाठवणार होते. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आवाज आला," ती म्हणाली. दोन मजले आणि चार बंद दारं ओलांडून.

वर येऊन तिनं चष्मिसला सगळं सांगितलं. हात, मोजा, चौतीस, टेंगूळ. तो आधी हसला. मग वहीत बघून हसायचा थांबला. "ताई, योगायोग असतो. आपण योगायोग पकडू आणि त्याचे कान पिळू. मी वेळ देतो. तुम्ही खाली जा. मी सांगितलेल्या मिनिटाला तिला गुदगुल्या करा, आणि कुठल्या वेळी करायच्या नाहीत तेही सांगतो."

पाच वेळा करायच्या, पाच वेळा नुसतं बघत बसायचं. ठकूला हा खेळ फार आवडला. चौथ्या वेळी ती इतकी खिदळली की तिला उचकी लागली.

ठकूची आई वर आली तेव्हा चष्मिसनं चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. चष्म्याशिवाय तो अगदीच पोरगेला दिसायचा.

"चौथ्या वेळी उचकी लागली होती का तिला?" त्यानं विचारलं.

तिनं होय म्हणून मान हलवली.

"मॅडमना नका सांगू. मला कामावरून काढतील आणि तुम्हाला वेड्यात."

५

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांच्यापुढं एक तारीख होती, एवढंच. बारा दिवसांनी चकती बांधून पाठवायची होती, आणि बिघडलेल्या दाण्यांची यादी सोबत द्यायची होती. यादीत ज्याचं नाव चढेल तो मेला असं धरायचं. यंत्र मग त्याच्याकडं बघतच नाही. त्याच्या जागी पडद्यावर काळं चौकोनी भोक दिसतं.

"हजारात सात गेले तर काय बिघडतं?" मॅडम म्हणाल्या. "टाका यादीत."

चष्मिसनं ठकूच्या आईकडं पाहिलं नाही. त्यानं कळ दाबली.

साडेचारला ती पाळणाघरात गेली. ठकू चटईवर बसली होती. "आज दुपारपासून बघा कशी शहाण्यासारखी बसलीय," मावशी म्हणाल्या. ठकूचे डोळे उघडे होते. आईनं समोर बोट हलवलं, डोळे हलले नाहीत. तळहातावर बोट ठेवलं, मूठ मिटली नाही. अंग ऊबदार, श्वास चालू. दूध तोंडात सोडलं तर गिळलं. आईनं हाक मारली, मग जोरात मारली. एखाद्या घरी जावं, दिवे लागलेले असावेत, दार उघडं असावं आणि आत कुणी नसावं, तसं झालं.

"पोर रडत नाही म्हणून रडणारी तू पहिलीच," ठकूचा बाबा म्हणाला. पण जेवताना त्यानं तिला दोनदा भॉक केलं, आणि मग ताट सरकवून उठला.

सकाळी ती लेकीला कडेवर घेऊन तडक वर गेली, नियम गेला खड्ड्यात. चष्मिस एकटाच होता. "दादा, ते सात परत लावा. पाया पडते."

"ताई, अहो—"

"लावा!"

त्यानं यादी उघडली, सात नावं खोडली. पडद्यावरचं भोक भरलं. तिच्या खांद्यावर ठकूनं एक लांब श्वास ओढला आणि असं भोकाड पसरलं की काका बाहेरून धावत आले. ठकूची आई तिची पाठ थोपटत राहिली. इतकं गोड रडणं तिनं जन्मात ऐकलं नव्हतं.

६

मग ती मॅडमसमोर उभी राहिली. सगळं धड सांगता आलं नाही. मधेच शब्द अडले, मधेच तिलाच स्वतःचं बोलणं वेडगळ वाटलं.

मॅडमनी तिला पाणी दिलं. ठकूचा गार पंजा हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला. "रक्त नीट फिरत नसेल. मी चांगल्या डॉक्टरांचा पत्ता देते. खरंच जा."

"मॅडम, ते पिंप बंद नका करू. चालूच ठेवा."

"बंद करावंच लागणार. चकती बाहेर काढायची तर पिंप पूर्ण ऊबवायला हवं. चकती तिकडं उपग्रहात बसेल, उपग्रह वर जाईल, वर जाऊन गार होईल, मग पुन्हा चालू."

"किती दिवसांनी?"

"दिवस नाही. सात-आठ महिने धरा."

ठकूच्या आईनं लेकीला कडेवर नीट घेतलं. बोलून काय उपयोग होता? त्या चकतीपायी शंभर माणसांनी सहा वर्षं घासली होती, आणि ही कोण? डगले धुणारी.

७

पिंप बंद करायचं होतं त्या दिवशी दुपारी तीनला चष्मिसनं तिला बोलावलं. नेहमी तो रेषा बघायचा, आज त्यानं दाण्यांचं चित्र लावलं होतं. काळ्या चौकटीत खाली सात उजळ ठिपके, एकमेकांना बिलगून. ते संथ फिके व्हायचे, पुन्हा उजळायचे. खाली पाळणाघरात ठकूची झोपायची वेळ होती.

"ते ठाऊक आहे," ती म्हणाली.

"ते नाही. बाजूला बघा. काल सकाळपासून आहे."

आधी तिला काहीच दिसलं नाही. मग दिसलं. सात ठिपक्यांच्या भोवती अगदी फिकट, जेमतेम काळ्याहून वेगळे, वीसेक दाणे. खालून वळून उजवीकडून वर आलेले. बघता बघता सातांचा घोळका किंचित सरकला, जसं पोर झोपेत सरकतं, आणि त्याबरोबर ती फिकट कमान आवळली. नीट, सवयीनं.

"हे कोण आहे?" तिनं विचारलं.

चष्मिसनं पंपापाशी बसलेल्या काकांकडं पाहिलं, तशी तीही तिकडं वळली.

"काका, आधी कुणाकुणाचे हात दाखवलेत?"

काकांनी वही काढली, जुनी पानं उलटली, नावं वाचली. एकूण अकरा हात. "सगळे ठणठणीत आहेत. दोघांशी तर मी काल बोललो." त्यांनी वही मिटली आणि मिटलेल्या वहीवर हात ठेवून बसले.

ठकूची आई बघत राहिली. ती स्वतः ठकूला डाव्या हातावर घ्यायची. हे जे कोण होतं त्यानं तिला उजवीकडून घेतलं होतं. चला, एकटी तरी नाही माझी बाय, असं क्षणभर तिच्या मनात आलं आणि बरं वाटलं. मग आपल्याला कशाचं बरं वाटलं ते ध्यानात आलं, आणि तिनं पडद्याकडं पाठ फिरवली.

चारला काकांनी पंप बंद केला. वीस वर्षांचा तो ठोका थांबला तेव्हा खोली एकदम मोठी झाली. ती जिन्यावर धावली नाही, एक एक पायरी उतरत गेली.

"आत्ताच शांत झाली बघा," मावशी म्हणाल्या.

८

ठकू आता दीड वर्षाची आहे. भरवलं तर खाते, निजवलं तर निजते. उभी केली तर उभी राहते, आणि तशीच राहते. चांगल्या डॉक्टरांनी आणखी चांगल्या डॉक्टरांकडं पाठवलं. तपासण्यांत काही येत नाही. एकानं सांगितलं, काही मुलं उशिरा खुलतात, धीर धरा. ठकूचा बाबा कामावरून येऊन तिच्यासमोर बसतो. पूर्वी थट्टा करायचा, आता करत नाही. ठकूच्या आईला अजूनही कधी कधी वाटतं, हा सगळा आपल्या डोक्याचा खेळ असेल. तसं असेल तर फारच बरं. मग वेडी आपण एकटीच, आणि लेक नुसती उशिरा खुलणारी.

कधी कधी मात्र दुपारच्या वेळी ठकू न हलता, न बघता, उजव्या कुशीवर अशी कलते की कुणी मांडीत घेतल्यासारखी. आईनं डावा हात पुढं केला तर अंग ताठ होतं.

उपग्रह वर गेला. चष्मिसनं सांगितलं, तिथं गार व्हायला अजून थोडे आठवडे. चालू करणारे लोक इथले नव्हेत. कुठल्याशा दुसऱ्या ठिकाणी पाळ्या लावून बसतात, नावं त्यालाही माहीत नाहीत. त्यानं यादीतून सात नावं गाळून पाहिली होती, पण मॅडमनी चकतीची पेटी सील करण्याआधी यादी ताडून घेतली आणि नावं परत घातली. ती यादी पेटीबरोबर गेली. चालू केल्यावर सात दाणे वर आलेले दिसले की तिथला माणूस यादीत सात बिघडलेले आहेतच हे बघेल, बिघाड म्हणेल आणि कळ दाबेल. त्याचं काही चुकणार नाही. कामच आहे ते त्याचं.

ठकूच्या आईला त्याचा पत्ता नाही, त्याची भाषा येत नाही. म्हणून ती दिसेल त्याला सांगते. बसच्या कंडक्टरला सांगितलं, दवाखान्यात शेजारी बसलेल्या बाईला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं. तुम्हालाही सांगायचंय. तुमच्या नात्यात, ओळखीत, ओळखीच्याच्या ओळखीत कुणी पडद्यासमोर बसून आभाळातली ऊब मोजत असेल. त्याला एवढं कळवा, की कुठंतरी एका घोळक्यात सात दाणे वर आलेले दिसतील. भोवती आणखी फिकट काही दिसलं तर तिकडं फार बघू नका. पण त्या सातांना मेलेलं म्हणू नका. ती कळ दाबू नका. तुम्हाला पटलं नाही तरी चालेल, नुसतं पुढच्याला सांगा.